ठावठिकाणा कुणाचा, कुणासाठी?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या बाई महाविद्यालयाच्या ग्रंथपाल होत्या. त्यांच्याविषयी या सभागृहात बसलेल्या पुष्कळांकडे माझ्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं आहे. मी एकच गोष्ट सांगते. आपली मुलगी दुपारी खरंच वाचनालयात असते का, कुणाबरोबर बसते, काय वाचते, हे विचारायला अधूनमधून पालक यायचे. बाई त्यांना आदरानं बसवून घ्यायच्या, चहा मागवायच्या आणि नोंदवही मिटून ठेवायच्या. वाचकाची नोंद वाचकाची, ती दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही, हा त्यांचा नियम होता. त्या काळी त्यासाठी कुठला कायदा नव्हता. बाईंना ते आपल्या कामाचा भाग वाटायचं, एवढंच.

मी संगणकाचं नेटवर्क हा विषय शिकवते. महाविद्यालयं आणि विद्यापीठं स्थान ओळखून विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर ज्या सेवा चालवतात, त्यांच्याबद्दल आज बोलणार आहे. बस कुठवर आली ते दाखवणारं ॲप, वर्ग शोधून देणारा नकाशा, संकटात मदत बोलावणारं बटण आणि हजेरी. ही चारही कामं वरवर वेगळी दिसली तरी त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे, ‘कुठे?’ माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. अशी सेवा चांगली की वाईट, हे प्रश्न कोण विचारतंय यावर ठरतं. ‘मी कुठे आहे?’ असं विद्यार्थिनी विचारते तेव्हा फोन तिला मोकळं करतो. ‘तू कुठे आहेस?’ असं संस्था विचारते तेव्हा तोच फोन तिला बांधून टाकतो. हा दुसरा प्रश्न विचारायला कधीकधी सबळ कारण असतं, हे मला मान्य आहे. पण ते कारण प्रत्येक वेळी संस्थेनं दाखवलं पाहिजे.

आता थोडं तंत्राकडे वळू या, कारण खरी मेख तिथेच आहे.

जीपीएस ही यंत्रणा अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं १९७३ मध्ये हाती घेतली आणि तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला. १९८३ च्या सप्टेंबरात एक कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर ही यंत्रणा नागरी वापरासाठी खुली ठेवण्याची घोषणा अध्यक्ष रेगन यांच्या प्रशासनानं केली. तरीही नागरी संकेतात मुद्दाम थोडी चूक ठेवली जात असे. ती मे २००० मध्ये काढून टाकली आणि आपल्या हातातल्या यंत्राला रस्त्याची ही बाजू आणि ती बाजू यांतला फरक कळू लागला. भारतानं स्वतःच्या अशाच यंत्रणेचा, म्हणजे आजच्या नाविकचा, पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला सोडला.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली जागा आणि वेळ सतत प्रसारित करत असतात. फोन निदान चार उपग्रहांचे संकेत ऐकतो आणि ते पोचायला किती वेळ लागला यावरून स्वतःच हिशेब करतो. इथे उपग्रह बोलतो आणि फोन फक्त ऐकतो. तुम्ही कुठे आहात हे उपग्रहाला कळत नाही, तुम्ही आहात हेसुद्धा त्याला ठाऊक नसतं. तुमची जागा तुमच्या फोनपाशीच राहते. ती दुसऱ्याला कळते ती फोनमधलं एखादं ॲप पुढे पाठवतं तेव्हाच.

इमारतीच्या आत हे संकेत नीट पोचत नाहीत. तिथे काम करतं ते वाय-फाय. महाविद्यालयाच्या छताला लावलेल्या ॲक्सेस पॉइंटला विद्यार्थ्याचा फोन जोडला जातो तो त्याच्या लॉगिननं. कोणत्या लॉगिनचा फोन किती वाजता कोणत्या ॲक्सेस पॉइंटपाशी होता, याची नोंद महाविद्यालयाच्या सर्व्हरवर आपोआप होते. जाळं चालवायला ती लागतेच. म्हणजे इथे उलटं झालं. जागा आधी संस्थेला कळते आणि विद्यार्थ्याला बहुधा कळतच नाही की ती संस्थेला कळली आहे. तिसरा प्रकार ब्लूटूथ बीकनचा. ॲपलनं २०१३ मध्ये आयबीकन आणल्यावर त्याचा बोलबाला झाला. बीकन म्हणजे भिंतीला चिकटवलेली एक डबी. ती फक्त आपला क्रमांक सांगत राहते. तो ऐकून फोननं आपल्या मालकाला ‘तुम्ही भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेर आहात’ असं सांगायचं, की कार्यालयाला ‘हा विद्यार्थी प्रयोगशाळेबाहेर आहे’ असं कळवायचं, हे ॲप लिहिणारा ठरवतो. डबी तीच असते. माहिती कोणत्या दिशेला जाईल हे तंत्र ठरवत नाही. ती माणसं ठरवतात, बहुतेकदा निविदा काढतानाच.

जागा ओळखणाऱ्या सेवांचा इतिहास स्मार्टफोनपेक्षा जुना आहे. केंब्रिजमधल्या ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेत रॉय वाँट, अँडी हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीवर लावायचा एक बिल्ला बनवला होता. दर पंधरा सेकंदांनी तो अवरक्त किरणांतून आपली ओळख सांगे आणि आलेला फोन माणूस असेल त्या खोलीत वळवता येई. त्यांचा शोधनिबंध १९९२ चा. बिल्ला काढून टेबलावर ठेवला की माणूस मोकळा. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो आवारात विल्यम ग्रिसवोल्ड यांनी ‘ॲक्टिव्हकॅम्पस’ हा प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या हाती छोटे संगणक दिले आणि आसपास कोण मित्र आहे, काय चाललं आहे, हे त्यावर दिसू लागलं. २०१० च्या जानेवारीत हार्वर्ड विद्यापीठ फोरस्क्वेअरवर आलं. ज्या जागी आहात तिथे ‘चेक-इन’ करायचं, ही त्या सेवेची कल्पना. तिचे एक संस्थापक डेनिस क्राउली यांनी तिचा आधीचा अवतार न्यूयॉर्क विद्यापीठात शिकत असतानाच घडवला होता. चेक-इनची ही लाट काही वर्षांत ओसरली. त्यात एक गोष्ट मात्र चांगली होती. बटण दाबणारा विद्यार्थी असे. सांगावंसं वाटलं तर सांगायचं, नाहीतर गप्प राहायचं. नंतरच्या सेवांतून ते बटणच नाहीसं झालं.

चांगल्या सेवांबद्दल आधी बोलते, कारण त्या मला मनापासून आवडतात. पवईचं आयआयटीचं आवार किंवा गणेशखिंडीतलं पुणे विद्यापीठाचं चारशे एकरांचं आवार डोळ्यांपुढे आणा. लातूरहून किंवा गडचिरोलीहून प्रवेशासाठी आलेली मुलगी, बरोबर वडील, हातात कागदपत्रांची फाइल. परीक्षा विभाग कुठे, पात्रता विभाग कुठे, हे दहा जणांना विचारत फिरायचं. विचारायलाही ज्यांना संकोच वाटतो त्यांच्यासाठी फोनमधला नकाशा किती मोठा आधार आहे! आवारातली बस किती मिनिटांत येईल हे कळलं तर रात्री ग्रंथालयातून निघणारी मुलगी अंधाऱ्या थांब्यावर ताटकळत नाही. आणि लक्षात घ्या, त्यासाठी बसवर नजर ठेवावी लागते, मुलीवर नाही.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आयबीएमच्या संशोधक चिएको आसाकावा यांनी तिथल्या सहकाऱ्यांबरोबर ‘नॅव्हकॉग’ तयार केलं. आसाकावा स्वतः दृष्टिहीन आहेत. इमारतींत बसवलेल्या बीकनच्या मदतीनं फोन चालणाऱ्याच्या कानात सांगतो, इतक्या पावलांवर डावीकडे वळा, समोर दार आहे. ज्याला आजवर प्रत्येक नव्या इमारतीत कुणाचा तरी हात धरावा लागत होता तो विद्यार्थी एकटा वर्गापर्यंत जातो. स्थानाधारित सेवेचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आपल्या किती महाविद्यालयांनी असं काही करून पाहिलं? हजेरीच्या यंत्रासाठी निधी मिळतो, यासाठी का मिळू नये?

दुसरं उदाहरण शिकवण्याचं आहे, आणि त्यावर मी थोडी रेंगाळणार आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन आवारात १८ ऑक्टोबर १९६७ ला विद्यार्थ्यांनी डाऊ केमिकल या कंपनीच्या नोकरभरतीला विरोध केला. ही कंपनी व्हिएतनाममध्ये वापरला जाणारा नापाम बनवत होती. विद्यार्थी वाणिज्य विभागाच्या इमारतीत ठाण मांडून बसले, पोलीस आत शिरले, लाठ्या चालल्या. बऱ्याच वर्षांनी जिम मॅथ्यूज यांनी या दिवसावर ‘डाऊ डे’ नावाचा फोनवरचा खेळ रचला. खेळणारा वार्ताहर होतो. आवारातून चालत तो त्या त्या जागी पोचला की तिथली तेव्हाची कागदपत्रं, छायाचित्रं आणि चित्रफिती त्याच्यासमोर उघडतात. ज्या जिन्यावरून आपण रोज वर्गात जातो त्याच जिन्यावर काय घडलं होतं, हे त्या जिन्यावर उभं राहूनच कळतं. असे खेळ शिक्षकांना स्वतः रचता यावेत म्हणून त्याच विद्यापीठात ‘एरिस’ नावाची साधनप्रणाली तयार झाली आणि ती सर्वांसाठी खुली ठेवण्यात आली.

या खेळाविषयी वाचल्यापासून माझ्या डोळ्यांपुढे मराठवाडा विद्यापीठाचं प्रवेशद्वार येत राहतं. विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला २७ जुलै १९७८ ला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधली जवळपास सोळा वर्षं मराठवाड्यातल्या कितीतरी वस्त्यांनी आणि घरांनी आगीत आणि रस्त्यावर काढली. आजही १४ जानेवारीला हजारो माणसं त्या दाराशी येतात. तिथे शिकणाऱ्या आजच्या मुलाला दार दिसतं, दिनांकही माहीत असतो. त्या दारापासून नागसेनवनापर्यंत चालताना त्याच्या फोनवर तेव्हाची पत्रकं, वृत्तपत्रांची पानं, मोर्च्यात चाललेल्या माणसांचे आवाज जागोजागी उघडले, तर? त्या वेळची माणसं अजून आहेत, त्यांचे आवाज आता नोंदवता येतील. इतिहास आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना यासाठी एक वर्ष द्या. असा चालत जाणाऱ्याचा माग कुणी काढत नाही. जागाच त्याला काही सांगते.

आता सुरक्षिततेकडे येते. इथे सोपं उत्तर नाही. १६ एप्रिल २००७ ला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका बंदूकधाऱ्यानं ३२ जणांना मारलं. सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात पहिले दोन बळी गेले. सगळ्यांना सावध करणारी पहिली ईमेल निघाली ९ वाजून २६ मिनिटांनी. थोड्याच वेळात नॉरिस हॉलमध्ये आणखी तिसांना जीव गमवावा लागला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसनं कायदा बदलून विद्यार्थ्यांना तातडीनं सूचना देणं विद्यापीठांवर बंधनकारक केलं. त्यानंतर मदतीच्या बटणाची ॲप आली. विद्यार्थिनीनं बटण दाबलं की तिची जागा सुरक्षा कक्षाला दिसते. मला हे योग्य वाटतं. संकट आलं आहे हे तिनं ठरवलं, जागा तिनं दिली आणि संकट टळल्यावर ती देणं थांबतं.

पण या घटनेतून एक वेगळाच निष्कर्षही काढला जातो. सगळे कुठे आहेत हे सतत माहीत असतं तर बरं झालं असतं, असा. त्या सकाळी उणीव होती ती वेळेवर सांगण्याची. मुलं कुठे आहेत हे कळूनही न पाठवलेली सूचना पोचली नसती. २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांचे फोन एके दिवशी एकदम मोठ्यानं वाजले होते, आठवतं? सरकार आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेत होतं. सेल ब्रॉडकास्ट हे त्यामागचं तंत्र. ठरावीक भागातले टॉवर संदेश देतात आणि त्या भागातला प्रत्येक फोन तो ऐकतो. कुणाचा फोन, कुणाचं नाव, याची पाठवणाऱ्याला गरजच नसते. म्हणजे एकाही माणसाचा माग न काढता हजारो माणसांना जागेनुसार सावध करता येतं.

सुरक्षितता म्हटलं की आपल्याकडे ती मुलींच्या नावानं येते, म्हणून मला मुलींबद्दल बोलायलाच हवं. महाराष्ट्रातल्या असंख्य मुलींच्या आयुष्यात महाविद्यालय ही पहिली जागा असते, जिथे प्रत्येक तासाचा हिशेब द्यावा लागत नाही. घरी आई विचारते, आजी विचारते, धाकटा भाऊसुद्धा विचारतो. शाळेत घंटेबरहुकूम सगळं चालतं. महाविद्यालयात दोन तासांच्या मध्ये मोकळा वेळ मिळतो. त्या वेळात ती नाटकाच्या तालमीत जाते, विद्यार्थी संघटनेच्या सभेत मागे उभी राहून ऐकते, घरी चालणार नाही असं पुस्तक वाचते, दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या मैत्रिणीचा डबा खाते, समुपदेशकाच्या खोलीचं दार ढकलते. यातली एकही गोष्ट लपवण्यासारखी नाही. तरीही यातल्या प्रत्येकीची बातमी घरी गेली तर तिचं शिक्षण थांबू शकतं. असं शिक्षण थांबलेलं मी पाहिलं आहे. पालकांना ‘आपली पाल्य सध्या आवारात नाही’ असा आपोआप संदेश पाठवणारी यंत्रणा बसवताना संस्थाचालकांना वाटतं, आपण पालकांना विश्वास देतोय. मला विचाराल, तर बाईंनी मिटून ठेवलेली नोंदवही ते चौकात उघडून ठेवतायत.

आणि हजेरी. २०१९ च्या डिसेंबरात वॉशिंग्टन पोस्टनं ‘स्पॉटर-ईडीयू’ या सेवेबद्दल सविस्तर बातमी दिली. वर्गात बीकन, विद्यार्थ्याच्या फोनमध्ये ॲप. तो आला की नाही, उशिरा आला की मध्येच उठून गेला, सगळं नोंदलं जातं. एका माजी बास्केटबॉल प्रशिक्षकानं ती खेळाडूंच्या हजेरीसाठी सुरू केली होती. बातमी आली तेव्हा जवळपास चाळीस संस्थांत ती वापरात होती. सिराक्यूज विद्यापीठातल्या एका मोठ्या वर्गात तिच्यामुळे बाकं भरली, असं तिथल्या प्राध्यापकांचं सांगणं. भरली असतील. आपल्याकडे पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम जुना आणि दुसऱ्याच्या नावानं हजेरी लावणारी प्रॉक्सीही तितकीच जुनी. जीपीएसवर हजेरी घ्यायला लागलं की खोटी जागा दाखवणारं ॲप विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये येतं. बीकन लावले की एक मुलगा चौघांचे फोन खिशात घालून वर्गात येतो. त्यावर चेहरा ओळखायचा कॅमेरा येतो. ही चढाओढ कुठे थांबत नाही, आणि तिचा सगळा वेळ आणि पैसा ‘मुलं या तासाला का येत नाहीत?’ हा प्रश्न न विचारण्यात जातो. मी शिक्षिका आहे. रिकामा वर्ग मलाही खुपतो. पण तो रिकामा वर्ग मला काहीतरी सांगत असतो आणि ते ऐकण्याचा माझा हक्क कुठल्याही ॲपनं काढून घेऊ नये.

शिक्षकही यातून सुटलेले नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अध्यापकांची हजेरी १ मे २०२५ पासून आधारशी जोडलेला चेहरा आणि जीपीएसनं कळणारी जागा यांवर घ्यायचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ठरवलं. कागदोपत्री प्राध्यापक दाखवणाऱ्या महाविद्यालयांना आळा घालणं हा हेतू रास्त आहे. तरी स्वतःच्या खासगी फोनवर हे ॲप घ्यायला अनेक डॉक्टरांनी हरकत घेतली तेव्हा त्यांना जे वाटलं, ते आपल्या विद्यार्थ्यांना रोज वाटत असेल, हे प्राध्यापकवर्गानं विसरू नये.

कुणी म्हणेल, नावं काढून टाकली की झालं. नाही होत. एमआयटीच्या इव्ह-अलेक्झांडर द माँजॉय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पंधरा लाख माणसांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या. जागा मोबाइल टॉवरइतकी ढोबळ, वेळ तासाच्या हिशेबानं. तरी अवघ्या चार नोंदी हाती असल्या की ९५ टक्के माणसं गर्दीतून वेगळी काढता येत होती. आपण कुठे आणि केव्हा जातो, हा क्रम दुसऱ्या कुणाचाच नसतो. त्याच वर्षी डार्टमथ महाविद्यालयात अँड्र्यू कॅम्पबेल यांच्या गटानं ४८ विद्यार्थ्यांच्या फोनवरून दहा आठवडे त्यांची झोप, हालचाल, बोलणं आणि जागा यांच्या नोंदी घेतल्या. ताण, एकटेपणा आणि गुण यांच्याशी त्यांचा संबंध दिसला. विद्यार्थी स्वेच्छेनं सामील झाले होते आणि अभ्यास ताण समजून घेण्यासाठी होता. पण याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जागेच्या नोंदींतून मनाची अवस्था वाचता येते. ज्या संस्थेला ‘फक्त हजेरी’ हवी आहे तिच्या हाती हेही आपसूक येतं.

आपला कायदा काय सांगतो? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल एकमतानं दिला. त्यानंतर आला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा. अठरा वर्षांखालच्यांचा माग काढायला तो मनाई करतो. आपल्याकडे अकरावी-बारावीची मुलं कनिष्ठ महाविद्यालयात, म्हणजे त्याच इमारतीत आणि त्याच वाय-फायवर असतात, तेव्हा हे कलम थेट आपलं आहे. पण शिक्षणाच्या कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी संस्थांना त्यातून सूट आहे. या दोन शब्दांच्या आडून जवळजवळ काहीही करता येईल. म्हणून ‘कायद्यात बसतं का?’ एवढं विचारून प्राचार्यांनी थांबू नये. वाय-फायच्या नोंदी किती दिवसांनी पुसल्या जातात? त्या कुणाला पाहता येतात? पोलीस किंवा पालक मागायला आले तर कोण निर्णय घेतं, आणि ते विद्यार्थ्याला कळवलं जातं का? ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, किंवा घरातला एकच फोन भावाकडे आहे, त्या मुलीची हजेरी कशी लागते? ॲप नको म्हणणाऱ्याला कागदावर सही करायची सोय आहे का? या पाच प्रश्नांची उत्तरं सूचनाफलकावर लावा. जिथे ती लावता येत नाहीत तिथे ती यंत्रणा बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक काम विद्यार्थ्यांनी स्वतः हाती घ्यावं. ओपनस्ट्रीटमॅप हा कुणालाही भरता येणारा जगाचा नकाशा लंडनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये सुरू केला. त्यात आपल्या महाविद्यालयांची आवारं बहुतेक एकेका चौकटीपुरती दिसतात. फोन घेऊन बाहेर पडा. चाकाच्या खुर्चीला चालेल असा उतार कुठे आहे, मुलींचं स्वच्छतागृह कुठे आहे आणि ते किती वाजता कुलूपबंद होतं, पिण्याच्या पाण्याचा नळ, जिन्याशेजारचा कठडा, सातनंतर दिवे न लागणारा रस्ता, शेवटची एसटी जिथून सुटते तो थांबा, हे सगळं त्यावर मराठीत नोंदवा. भूगोल, समाजकार्य, संगणक, सगळ्या शाखांची मुलं हे करू शकतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका शिबिरात एक आवार पूर्ण होईल. कुठल्या रस्त्यावर दिवे नाहीत याचा नकाशा घेऊन विद्यार्थी प्राचार्यांच्या दालनात गेले, की ‘कुठे?’ या प्रश्नाचं उत्तर संस्थेला द्यावं लागेल. त्या शिबिरासाठी या व्याख्यानमालेनं मला दिलेलं मानधन मी ग्रंथालयाकडे सुपूर्द करते. जूनमध्ये ज्या महाविद्यालयाची मुलं आधी येतील त्यांना मी स्वतः शिकवायला येईन.